ग्रंथालयांस मुनीम नको काय?

पूर्णा जंक्शन सोडून गाडी नांदेडच्या वाटेस लागली म्हणजे लिंबगावच्या अलीकडे चुडावा हे लहानसे स्थानक लागते. या गावच्या एखाद्या दुकानदारास वस्तू व सेवा कराचा उलगडा मराठीत करून सांगणारे पुस्तक पाहिजे आहे, किंवा एखाद्या शेतकऱ्यास हळदीच्या कंदकुजीवर चार शब्द वाचावयाचे आहेत, अशी आमच्या वाचकांनी क्षणभर कल्पना करावी. चुडावा पूर्णा तालुक्यात, पूर्णा परभणी जिल्ह्यात आणि परभणी छत्रपती संभाजीनगर विभागात. गावास गावचे ग्रंथालय, तालुक्यास तालुका ग्रंथालय, जिल्ह्यास जिल्हा ग्रंथालय, विभागास शासकीय विभागीय ग्रंथालय, आणि सर्वांच्या शिरोभागी मुंबईचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, अशी ही पायऱ्यांची योजना आहे. कागदावर इतका रेखीव जिना फार थोड्या खात्यांपाशी असेल. आता ते पुस्तक परभणीच्या एखाद्या कपाटात पडलेले आहे असे धरा. तेथून ते चुडाव्यास कसे यावयाचे? कोणाच्या सांगण्यावरून, कोणाच्या पिशवीतून, कोणत्या वहीत नोंद होऊन? हे काम आपले आहे असे म्हणणारा मनुष्य साऱ्या जिन्यावर शोधूनही क्वचितच सापडतो. पायऱ्या आहेत, पायऱ्यांवरून ये-जा करणारा कोणी नाही.

ग्रंथालयांविषयी आमच्याकडे लिहिणे-बोलणे काही कमी होत नाही. ग्रंथालयांची अधिवेशने भरतात, ठराव होतात, वृत्तपत्रांतून लेख येतात. परंतु या साऱ्या चर्चेची धाव दोन टोकांकडे असते. एक टोक मंत्रालयाचे : अनुदान किती वाढले, केव्हा मिळणार, कोणी अडविले. दुसरे टोक गावच्या ग्रंथपालाचे : बिचाऱ्यास वेतन काय मिळते, त्याचे घर कसे चालते. दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि त्यांचे महत्त्व कमी करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. आमचे म्हणणे इतकेच की, या दोन टोकांच्या मध्ये जी माणसे असतात, म्हणजे मोठ्या ग्रंथालयातला सहायक ग्रंथपाल, देवघेवीच्या मेजाशी बसणारा निर्गम सहायक, तालुका ग्रंथालयाचा ग्रंथपाल, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याच्या कचेरीतला निरीक्षक, त्यांच्याविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही. वास्तविक ग्रंथालय चालते की नुसते उघडते, हे याच माणसांवर अवलंबून असते.

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत; त्यांस हा मुद्दा दोन वाक्यांत पटेल. परभणीचा मोंढा घ्या, नांदेडचा घ्या. अडत दुकानात गादीवर शेठजी असतात आणि काट्यापाशी हमाल असतात. परंतु नुसते शेठजी व हमाल यांजवर कोणते दुकान एक हंगाम तरी तगले आहे? मध्ये मुनीम असतो. कोणत्या गावचा कोणता शेतकरी कोणता माल आणतो, कोणाची उधारी किती दिवस चालवावी, कोणता हमाल चिडलेला आहे, शेठजींस कोणती गोष्ट आज सांगावी आणि कोणती उद्या, हे सर्व तो जाणतो. रोजकीर्द तो लिहितो म्हणून त्याचे महत्त्व नव्हे. रोजकीर्द वाचून काय ते समजण्याची अक्कल त्याचे ठायी असते म्हणून त्याचे महत्त्व. मुनीम आजारी पडला तर शेठजी स्वतः दुकानावर येऊन बसतात, आणि तरीही संध्याकाळी हिशेब जुळत नाही. ग्रंथालयात मात्र मुनीम कायमचाच आजारी आहे आणि त्याची कोणास खंत नाही.

आमच्या मराठवाड्यात हे असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे; कारण त्यात कोणाचा दोष कमी व काळाचा जास्त आहे. निजामाच्या राज्यात मराठी वाचनालय काढणे ही केवळ पुस्तके मांडण्याची गोष्ट नव्हती. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ सालचे. हैदराबादेतील मराठी ग्रंथसंग्रहालय १९२२ सालचे. १९२१ च्या सुमारास निघालेल्या ५३ क्रमांकाच्या गश्तीने सभा-संमेलनांस सरकारची पूर्वपरवानगी लागू लागली, तेव्हा वाचनालयाची खोली हीच पुष्कळ ठिकाणी चार विचारी माणसांनी एकत्र बसण्याची जागा झाली. अशा दिवसांत संस्था चालविणे म्हणजे जोखीम पत्करणे होय. ती जोखीम एक-दोन माणसे आपल्या शिरावर घेत. किल्ली त्यांच्या कनवटीस, वर्गणी त्यांच्या शब्दावर, पुस्तकांची यादी त्यांच्या डोक्यात, आणि कोणास आत घ्यावे व कोणास नाही, याचा निर्णयही त्यांचाच. चिटणीस म्हणजेच संस्था, हा प्रकार त्या काळी अपरिहार्य होता आणि त्या माणसांचे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही.

परंतु १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली. १९५५ साली हैदराबाद राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम संमत झाला. जोखीम गेली, कायदा आला, अनुदान आले, आणि ‘चिटणीस म्हणजेच संस्था’ हा प्रकार मात्र जसाच्या तसा राहिला. आजही पुष्कळ ठिकाणी पुस्तके चिटणीस निवडतात, विक्रेता चिटणीस ठरवितात, निरीक्षणाच्या दिवशी चिटणीसच पुढे होतात; ग्रंथपाल दार उघडतो आणि लावतो. ज्या ठिकाणी चिटणीस विद्वान व निःस्वार्थी आहेत तेथे त्यांच्या हयातीत काम उत्तम चालते, आणि ते गेल्यावर दोन वर्षांत कपाटांवर धूळ बसते. कारण त्यांनी पुस्तके गोळा केली, इमारत बांधली, पण आपल्यामागे काम सांभाळील असा मनुष्य तयार केला नाही. चांगल्या माणसांच्याही हातून होणारी ही चूक आहे. किंबहुना चांगल्याच माणसांच्या हातून ती अधिक होते, कारण वाईट माणसास दुसऱ्यावर काम टाकण्याचा संकोच नसतो.

१९६७ च्या अधिनियमाने महाराष्ट्रात एक विशेष पद्धती स्वीकारली. अन्य कित्येक राज्यांप्रमाणे ग्रंथालय-कर बसवून सरकारने स्वतः गावोगाव ग्रंथालये काढली नाहीत. लोकांनी काढलेल्या संस्थांस मान्यता द्यावयाची, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडावयाचे आणि वर्गाप्रमाणे अनुदान द्यावयाचे, असे ठरले. आज अशी सुमारे अकरा-बारा हजार ग्रंथालये महाराष्ट्रात आहेत. लोकांच्या उपक्रमशीलतेवर हा जो विश्वास सरकारने टाकला तो योग्यच होता असे आम्हांस वाटते. परंतु या पद्धतीत मधल्या माणसाची गरज दुप्पट होते, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. सरकारी ग्रंथालयात निदान वरचा हुकूम खाली पोचतो. येथे वर सरकार व खाली स्वतंत्र संस्था. दोहोंमध्ये हुकुमाचे नाते नाही, केवळ अनुदानाचे आहे. अशा ठिकाणी समजावून सांगणारा, खालचे वर व वरचे खाली पोचविणारा, दोन्हीकडची भाषा जाणणारा मनुष्य नसेल, तर नाते फक्त पावत्यांचे उरते.

आणि तसेच ते उरले आहे. अ वर्गाच्या ग्रंथालयात ग्रंथपालाखाली सहायक ग्रंथपाल, निर्गम सहायक, लिपिक व शिपाई अशी माणसे असतात. क वर्गात ग्रंथपाल व शिपाई, आणि ड वर्गात एकटा ग्रंथपाल. म्हणजे ‘मधला’ म्हणावा असा मनुष्य फक्त मोठ्या ठिकाणीच. तेथे तरी त्याचे काय होते? निर्गम सहायकाचे काम पुस्तक देणे व घेणे, एवढेच समजले जाते. परंतु ग्रंथालयात येणाऱ्या प्रत्येक माणसाशी दररोज बोलणारा तो एकटाच असतो! कोणते पुस्तक मागितले गेले व मिळाले नाही, कोणते नेले व दुसऱ्याच दिवशी परत आले, कोणती बाई स्वतः येत नाही पण मुलाच्या हाती चिठ्ठी पाठविते, कोणता म्हातारा फक्त वर्तमानपत्र वाचून जातो व त्यास मोठ्या अक्षराचे पुस्तक मिळाले तर तो ते नेईल, हे त्यास ठाऊक असते. आणि पुस्तके खरेदी करण्याची वेळ आली म्हणजे त्यास कोणी एक शब्द विचारीत नाही.

आम्ही एका तालुक्याच्या गावी पाहिलेली गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथील निर्गम सहायकाने शाळकरी मुलांची असते तशी एक शंभरपानी वही केली होती. जे पुस्तक मागितले गेले आणि ग्रंथालयात नव्हते, त्याची तो तीत नोंद करी : तारीख, विषय, मागणाऱ्याचा धंदा. नाव लिहीत नसे. ‘नाव लिहिले तर लोक मागावयाचे थांबतात’, असे तो म्हणाला. त्या वहीत आम्ही पाहिले तो कापसावरील बोंडअळीविषयी सहा वेळा, सातबारा व वारसनोंदीविषयी नऊ वेळा, मधुमेहाच्या पथ्याविषयी अनेक वेळा मागणी झालेली. शिवणकामाच्या पुस्तकासाठी एका महिन्यात तीन चिठ्ठ्या आल्या होत्या. आम्ही त्यास विचारले, ‘ही वही समितीस दाखविता काय?’ तो हसला. म्हणाला, ‘दाखविली होती. मला सांगण्यात आले की तुझे काम देवघेवीचे आहे, खरेदीचे नाही.’ त्या वर्षी मार्चअखेर अनुदानाचा हप्ता आला आणि आठ दिवसांत विक्रेत्याच्या छापील यादीवर खुणा करून पुस्तके आली. त्यांत कादंबऱ्यांच्या एकाच लेखकाच्या दोन-दोन प्रती होत्या. शिवणकामाचे एकही पुस्तक नव्हते. पुढे तो मनुष्य एका औषधाच्या दुकानात नोकरीस लागला. वही त्याने बरोबर नेली की रद्दीत गेली, कोण जाणे.

या गोष्टीत पैशाची अडचण कोठे आहे? पुस्तकांस पैसे मिळालेच होते. माहितीची अडचण कोठे आहे? माहिती शंभर पानांत लिहून ठेविलेली होती. अडचण होती ती हीच की, मेजापाशी जमा झालेली माहिती समितीच्या बैठकीत नेऊन ठेवण्याचा अधिकार कोणास नव्हता. मधल्या माणसाचे काम म्हणजे दुसरे तिसरे काही नसून हेच. खाली जे दिसते ते वर समजेल अशा भाषेत सांगणे, आणि वर जे ठरते त्याचा अर्थ खालच्या माणसास समजावून देऊन त्याचे काम सोपे करणे. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांत प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक व प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक मिळाला पाहिजे असे सांगितले आहे. ही सूत्रे आमच्याकडे भिंतींवर सुंदर अक्षरांत टांगलेली असतात. ती भिंतीवरून खाली उतरून मेजापर्यंत यावयाची असतील तर त्यांस कोणी तरी उतरवून घेतले पाहिजे.

हे अशक्य आहे असे मात्र कोणी म्हणू नये. ज्यांस आपला म्हणण्याचा मराठी माणसास अधिकार आहे, अशा एका राजाने हे शतकापूर्वी करून दाखविले आहे. सयाजीराव गायकवाड हे मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे. १९०६ साली त्यांनी बडोदे संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केले आणि लगेच त्यांच्या ध्यानात आले की, शाळेतून निघालेल्या मुलास गावात वाचावयास काही नसेल तर तो पाच वर्षांत अक्षरओळख विसरतो. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम ॲलन्सन बॉर्डेन या ग्रंथपालास बोलाविले. बॉर्डेन तीन वर्षे राहिले व १९१३ साली परत गेले. परदेशी तज्ज्ञ बोलाविणे ही काही मोठी गोष्ट नव्हे. तज्ज्ञ येतात, अहवाल देतात, जातात आणि अहवालास वाळवी लागते. बडोद्याची थोरवी वेगळ्याच गोष्टीत आहे. बॉर्डेन यांनी १९११ सालीच ग्रंथालयाचे काम शिकविण्याचा वर्ग काढला आणि हाताखालची माणसे तयार केली. हिंदुस्थानातील अशा प्रकारचा हा पहिला वर्ग समजला जातो. त्यामुळे बॉर्डेन गेल्यावरही गाडा थांबला नाही.

त्या गाड्याच्या मधल्या जुवावर जे होते त्या मोतीभाई अमीन यांचे नाव आमच्या किती वाचकांस ठाऊक आहे? हे पेशाने शिक्षक. सरकारी योजना निघण्यापूर्वीच त्यांनी मित्रमंडळांच्या नावाने गावोगाव वाचनाची केंद्रे काढिली होती. संस्थानाने त्यांस उपेक्षिले नाही, की त्यांच्या डोक्यावर एखादा कारकून आणून बसविला नाही; त्यांसच ग्रामविभागाचे दुय्यम अधिकारी नेमिले. वर महाराज व मुख्य अधिकारी, खाली गावचा पाटील व शाळामास्तर, आणि मध्ये हे गृहस्थ, ज्यांस गावची नाडी कळत होती व सरकारी कागदही लिहिता येत होता. गावाने तिसरा हिस्सा जमवावा, प्रांत पंचायतीने तिसरा द्यावा आणि संस्थानाने तिसरा, असा खर्चाचा नियम होता. नियम सोपा आहे. परंतु गावाने आपला तिसरा हिस्सा जमवावा म्हणून चावडीवर बसून लोकांस कोणी तरी पटवावे लागते. ते मुख्य अधिकारी करू शकत नाही आणि शाळामास्तर एकटा करू शकत नाही. ज्या गावांस ग्रंथालय परवडत नसे तेथे पुस्तकांची फिरती पेटी जाई, काही काळ राही व पुढच्या गावी जाई. पेटी लाकडाची होती. ती चालत होती ती माणसांच्या पायांनी.

मुंबई इलाख्यातही १९३९ साली फैजी समिती नेमली गेली व तिने मध्यवर्ती, विभागीय, जिल्हा, तालुका व गाव अशी ग्रंथालयांची उतरंड सुचविली. आजची आमची उतरंड पुष्कळ अंशी त्याच कल्पनेची आहे. उतरंडीची मडकी आम्ही घेतली. बडोद्याचा कुंभार घेतला नाही.

आता जिल्ह्याच्या कचेरीविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. जिल्हा ग्रंथालय अधिकारी हा या योजनेतील मधला मनुष्य. त्याच्या हाताखाली माणसे बेताची, जिल्ह्यात ग्रंथालये शेकड्यांनी. तो गावी जातो तो तपासणीस जातो. दाखल नोंदवही आहे काय, सभासदांच्या सह्या आहेत काय, पावत्या क्रमाने लाविल्या आहेत काय, वर्गाप्रमाणे ग्रंथसंख्या भरते काय. क वर्गास १,००१, ब वर्गास ५,००१, अ वर्गास १५,००१. हा जो शेवटचा एक आकडा आहे त्याची आम्हांस मोठी मौज वाटते. त्या एका पुस्तकासाठी कित्येक फाटकी पुस्तके, ज्यांस कोणी दहा वर्षांत हात लाविला नाही, कपाटात जपून ठेविली जातात, आणि नव्या पुस्तकांस जागा नाही म्हणून ओरड होते. निरुपयोगी पुस्तके काढून टाकणे हे ग्रंथालयातील अत्यंत शहाणपणाचे काम होय. परंतु ते करील त्यास शाबासकी मिळण्याऐवजी वर्ग घसरण्याचे भय असेल तर ते कोण करील?

केवळ वह्या तपासून काय होते हे २०१२ साली दिसून आले. त्या वर्षी मे महिन्यात शासनाने महसूल खात्याच्या माणसांकरवी राज्यातील ग्रंथालयांची विशेष पडताळणी करविली. अनेक ठिकाणी उणिवा सापडल्या. काही ठिकाणी तर ग्रंथालय कागदावरच होते. त्यानंतर कित्येक वर्षे नवी मान्यता व दर्जावाढ थांबून राहिली, आणि प्रामाणिकपणे काम करणाऱ्या संस्थांसही त्याचा भुर्दंड बसला. ज्यांनी लबाडी केली त्यांचे समर्थन आम्ही करीत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. या ग्रंथालयांची पूर्वी तपासणी होतच होती ना? मग जे तलाठ्यास एका दिवसात दिसले ते आधी इतकी वर्षे कोणास का दिसले नाही? आमच्या मते त्याचे कारण, तपासणाऱ्यास वही पाहावयास सांगितले होते, वाचक पाहावयास सांगितले नव्हते. आणि ज्यास फक्त वही पाहावयाची आहे त्यास लोक वहीच दाखवितात.

येथे कोणी विचारील की, अहो, ड वर्गाच्या ग्रंथालयास एकटा मनुष्य पोसवत नाही, आणि तुम्ही मुनिमाच्या गोष्टी सांगता! आक्षेप रास्त आहे आणि आकडे त्याहून बोलके आहेत. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तेव्हा ड वर्गाचे वर्षाचे ३०,००० रुपये होते ते ४८,००० झाले. त्यांतील निम्मे वेतनाकडे धरले तर त्या हिशेबाने ग्रंथपालाच्या हाती तेव्हा महिना २,००० रुपये पडत होते. मोंढ्यातला हमाल ऐन हंगामात इतके किती दिवसांत मिळवितो हे आमच्या व्यापारी वाचकांनीच सांगावे. तेव्हा वेतनाचा प्रश्न सुटलाच पाहिजे, आणि तो सुटेपर्यंत चांगली माणसे या कामात टिकणार नाहीत, हे आम्ही कबूल करितो. परंतु वेतन वाढेपर्यंत बाकीचे सर्व तहकूब ठेवावे, हे मात्र आम्हांस मान्य नाही. कारण मुनीम प्रत्येक गावी लागत नाही. दहा गावांत मिळून एक पुरे.

पूर्ण्याचेच उदाहरण घेऊ. तालुका पातळीवरील ग्रंथालयातील एका सहायकास महिन्यातून चार दिवस मेजावरून मोकळे करावे. त्याने ठरलेल्या दिवशी एक पेटी घेऊन चुडाव्यास जावे, तेथून पुढच्या गावी जावे. गेल्या खेपेची पुस्तके घ्यावी, नवी द्यावी, काय मागितले गेले ते लिहून आणावे, आणि जे तालुक्यास नाही त्याविषयी परभणीस विचारावे. गावच्या ग्रंथपालास काही अडले असेल, नोंद कशी करावी, वर्गीकरण कसे करावे, तर ते तेथेच मेजाशी बसून शिकवावे. ग्रंथालय संघांच्या प्रमाणपत्र वर्गांत वर्गीकरण व तालिका करणे शिकविले जाते ते चांगलेच आहे. परंतु समितीशी कसे बोलावे, हाताखालच्या माणसाची चूक चारचौघांत न काढता कशी सुधारावी, दोन वाचकांचे भांडण कसे मिटवावे, हे कोणत्याही वर्गापेक्षा जाणत्या माणसाच्या शेजारी बसून लवकर येते. ई-ग्रंथालय नावाची संगणकाची सोय आहे, तीही घ्यावी. तथापि संगणकाने पुस्तक परभणीस आहे एवढे कळेल. ते चुडाव्यास आणावयास मनुष्यच जावा लागेल.

चुडाव्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी वर बसलेल्यांस दिसणे कठीण. या गावच्या माणसास परभणीहून नांदेड जवळ. औषधपाण्यास, मोंढ्यास, लग्नाच्या बस्त्यास पुष्कळांची पावले नांदेडकडे वळतात. परंतु नांदेड जिल्हा वेगळा, म्हणून ग्रंथालयाचा जिना त्यास उलट दिशेने पूर्ण्यास व परभणीस नेतो. सरकारी जिना नेहमी वर जातो, आडवा जात नाही. दोन जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांनी यावर पत्रव्यवहार सुरू केला तर तीन वर्षे जातील. पूर्ण्याचा एक सहायक ग्रंथपाल व नांदेडचा एक सहायक ग्रंथपाल यांची ओळख असेल तर एका चहात काम होईल. ‘अमुक पुस्तक तुमच्याकडे आहे काय? आठ दिवसांसाठी द्या, पावती देतो.’ मोंढ्यात असे व्यवहार रोज शब्दावर होतात. पुस्तकांच्या बाबतीत तेवढा विश्वास टाकण्याचा अधिकार मधल्या माणसास द्यावयास कोणाचे काय जाते?

अभ्यासिकेचा प्रश्नही येथेच येतो. अलीकडे मराठवाड्यात ग्रंथालयाची खोली म्हणजे स्पर्धा परीक्षेस बसणाऱ्या मुलांची अभ्यासिका, असे पुष्कळ ठिकाणी झाले आहे. मुले सकाळी येतात, आपलीच पुस्तके आणतात व रात्री जातात. त्या मुलांविषयी आमच्या मनात आदरच आहे. ज्यांच्या घरी एकच खोली आहे त्यांनी अभ्यास कोठे करावा? परंतु त्यामुळे दुपारी येणाऱ्या बायकांस बसावयास जागा उरत नाही, लहान मुलांस ‘गडबड करू नका’ म्हणून हाकलले जाते, आणि दोन वर्षांत तो वाचकवर्ग यावयाचाच थांबतो. यावर सरकारी परिपत्रक काय करील? समितीचा ठराव काय करील? बायकांची वेळ केव्हा, मुलांची केव्हा, कोणते बाक कोणास, हे रोजच्या रोज पाहून, गोडीने सांगून, प्रसंगी कठोर होऊन जमवावे लागते. ज्या ठिकाणी मेजापाशी बसणारीस एवढा अधिकार दिलेला आहे तेथे बायका परत येऊ लागल्याचे आम्ही स्वतः पाहिले आहे. बसणारीस असे आम्ही मुद्दाम लिहितो. मेजापाशी स्त्री असेल तर घरातली सून चिठ्ठी पाठविण्याऐवजी स्वतः येते, आणि सोबत सासूसही आणते.

यासाठी आमची तूर्त फार मोठी मागणी नाही. समितीच्या ज्या बैठकीत पुस्तकांची खरेदी ठरते, त्या बैठकीत ग्रंथपालाबरोबर निर्गम सहायकासही बसवावे व प्रथम त्यास बोलू द्यावे. खरेदीच्या रकमेचा एक हिस्सा, चौथा म्हणा की पाचवा, न मिळालेल्या मागण्यांच्या वहीवरूनच खर्चावा. आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याच्या कचेरीतून जो कोणी चुडाव्यास किंवा अन्य गावी तपासणीस जाईल, त्याने सह्या व पावत्या पाहून झाल्यावर तेथे हजर असतील त्या वाचकांपैकी दोघांशी बोलावे आणि त्यांनी काय मागितले होते व काय मिळाले ते आपल्या अहवालात लिहावे. त्यासाठी नवा रकाना छापावयास शासन निर्णय लागेल असे कोणी म्हणेल, तर तपासणीच्या कागदाची पाठीमागची बाजू बहुधा कोरीच असते.